बाइकची बॅटरी सारखी उतरते: दोष नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं

मोटरसायकलची बॅटरी वर्ष-दीड वर्षात दुसऱ्यांदा बसली असेल, तर तिसरी विकत घेण्याआधी थांबा. रोज चालणाऱ्या गाडीची चांगली बॅटरी तीनेक वर्षं तरी टिकायला हवी. ती त्याआधीच पुन्हा पुन्हा उतरते, तेव्हा बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो. एकतर गाडी तिला नीट चार्ज करत नाही, किंवा गाडी उभी असताना कोणीतरी तिच्यातून करंट खातंय, किंवा एखादं टर्मिनल सैल आहे. नव्या बॅटरीने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. उलट पहिले काही आठवडे गाडी छान सेल्फ घेते, आपण निर्धास्त होतो, आणि मग एक दिवस ऑफिसच्या वेळेला पुन्हा तेच.

आपल्याकडे हे फार होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात गाडी नेली की मेकॅनिक हॉर्न वाजवून बघतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो आणि नवी बसवून देतो. त्याचाही नाइलाज असतो, कारण नीट शोध घ्यायला एक रात्र आणि थोडा धीर लागतो, आणि तो वेळ गिऱ्हाईक देत नाही. तुमची स्वतःची गाडी असेल तर हा वेळ तुम्ही देऊ शकता. लागणारं सामान थोडं आहे: डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, स्टार स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा, पेट्रोलियम जेली आणि वही. मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. घेताना त्यावर १० अँपिअरचं वेगळं सॉकेट आहे ना एवढं बघा, पुढे त्याची गरज पडेल. वहीचं नाव मुद्दाम घेतलं. प्रत्येक आकडा लिहून ठेवायचा आहे, कारण निदान आकड्यांच्या तुलनेतून होतं.

आधी आवाज ऐका

मीटर काढण्याआधी गाडी काय सांगते ते बघा. बटण दाबल्यावर भराभर कट-कट-कट असा आवाज आला आणि मीटरचे दिवे विझल्यासारखे झाले, तर स्टार्टर रिलेपर्यंत (सेल्फच्या मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचपर्यंत) करंट पोचतोय पण दम नाही. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक्’ आवाज येऊन सगळं शांत झालं आणि दिवे मात्र तसेच प्रखर राहिले, तर संशय रिलेवर, सेल्फच्या मोटरवर किंवा मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरवर घ्या. काहीच आवाज नाही आणि दिवे ठीक असतील, तर किल स्विच, साइड स्टँडचा स्विच आणि क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच तपासा. पावसाळ्यात साइड स्टँडचा स्विच चिखलाने अडकतो आणि लोक उगाच बॅटरी बदलतात.

दुसरं, बॅटरी कधी उतरते ते आठवा. रात्री ठीक होती, सकाळी मेली? तीन-चार दिवस उभी राहिल्यावर मेली? की रोज चालवूनही दिवसागणिक सेल्फ जड होत गेला? उभं राहून मरणारी बॅटरी लीकेजकडे, म्हणजे गाडी बंद असताना गळणाऱ्या करंटकडे, किंवा स्वतःच्या म्हातारपणाकडे बोट दाखवते. चालवून चालवून मरणारी चार्जिंगकडे.

हेडलाइटवरून अंदाज बांधताना जरा जपून. जुन्या कम्यूटर गाड्यांपैकी अनेकांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या, करंटवर चालते. रेस दिली की उजळते, सोडली की मंद होते. तिच्या प्रकाशाचा बॅटरीशी संबंधच नाही. अशा गाडीत हॉर्न आणि इंडिकेटर बघा, ते बॅटरीवर असतात.

टर्मिनल: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती

सीट किंवा साइड पॅनेल उघडा, चावी बंद करा आणि आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. बसवताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. यामागे साधं कारण आहे. मायनस जोडलेली असताना प्लसवर फिरणारा पाना चॅसिसला टेकला तर जबरदस्त शॉर्ट होतो. मायनस आधी निघाली असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही.

आता टर्मिनल बघा. पांढरी किंवा हिरवट-निळी पावडर साचली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत साफ करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून किंवा नळीतून आत जाऊ देऊ नका. वर्सोवा, मार्वे, वरळी, कुलाबा अशा समुद्राजवळच्या भागात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर हे काम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर करायलाच हवं. खारी हवा तांब्याला सोडत नाही.

हल्लीच्या छोट्या सीलबंद बॅटऱ्यांत टर्मिनलच्या खोबणीत एक चौकोनी नट सुटा असतो. बोल्ट लावताना तो खाली घसरतो, बोल्टचे दोन-तीनच आटे बसतात, वरून घट्ट वाटतं पण खड्ड्यांत वायर हलत राहते. नटाखाली रबराचा किंवा फोमचा छोटा तुकडा सारा, नट वर येतो आणि बोल्ट पूर्ण बसतो. इतक्या छोट्या गोष्टीवरून गाडी रस्त्यात बंद पडते, हे मी अनेकदा पाहिलंय. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

मायनसची वायर दुसऱ्या टोकाला चॅसिसवर किंवा इंजिनवर जिथे बोल्टने बसवली आहे, तिथेही हेच करा. ते टोक सहसा कोणी बघत नाही. तिथे गंज असेल तर बॅटरी कितीही ताजी असो, सेल्फला दम येणार नाही.

पूर्ण चार्ज केल्याशिवाय कुठलीही चाचणी नाही

उतरलेल्या बॅटरीची चाचणी घेणं म्हणजे उपाशी माणसाला पळायला लावून तो आजारी आहे असं ठरवणं. म्हणून आधी ती पूर्ण चार्ज करा.

चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या एक दशांश ठेवायचा हा जुना आणि योग्य नियम. बॅटरीवर ५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता) लिहिलं असेल तर अर्धा अँपिअर, ३ किंवा ४ एएच असेल तर ०.३ ते ०.४ अँपिअर. पार उतरलेली बॅटरी अशी भरायला दहा-बारा तास लागतात. मोटरसायकलसाठीचा ऑटोमॅटिक चार्जर मिळतो, तो भरल्यावर आपोआप थांबतो. तो नसेल तर बॅटरीच्या दुकानात रात्रभर ठेवा, पण तिथे स्पष्ट सांगा की करंट कमी ठेवा. रिक्षा आणि टेम्पोच्या बॅटऱ्यांबरोबर एकाच चार्जरला लावलेली छोटी बॅटरी तापते, तिच्या प्लेटा वाकतात, आणि जी वाचली असती तीही जाते.

घरी चार्ज करत असाल तर खिडकीजवळ किंवा गॅलरीत ठेवा. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे बंद खोलीत, गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ नको.

तुमची बॅटरी जुन्या प्रकारची, पाणी घालायची असेल तर बाजूच्या वरच्या आणि खालच्या रेषा बघा. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, फिल्टरचंही नाही, आणि ॲसिड तर नाहीच. बाष्पीभवनाने फक्त पाणी जातं, ॲसिड आतच राहतं. वर पुन्हा ॲसिड ओतलं तर ते प्लेटा खातं. सीलबंद बॅटरीचं झाकण मात्र उचकटू नका.

पहिला आकडा: आराम केलेली बॅटरी

चार्जर काढल्यावर बॅटरी गाडीला न जोडता रात्रभर तशीच ठेवा. ताज्या चार्जिंगनंतर लगेच मोजलं तर १३ च्या वर आकडा दिसतो. तो वरवरचा असतो, त्याने फसायला होतं. सकाळी मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर लावून दोन्ही टर्मिनलवर मोजा.

१२.६ ते १२.७ व्होल्ट असेल तर साधी बॅटरी भरलेली आहे. सीलबंद बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास पाव. पूर्ण रात्र चार्ज करूनही सकाळी १२.४ च्या खाली येत असेल तर बॅटरी चार्ज धरत नाही. आणि आकडा १०.५ च्या जवळ घुटमळत असेल, तर गोष्ट तिथेच संपली. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. १०.५ म्हणजे एक अख्खा सेल आतून शॉर्ट झालेला. ती कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही.

शक्य असेल तर बॅटरी गाडीबाहेरच तीन-चार दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. चांगली बॅटरी इतक्या दिवसांत जेमतेम हलते. गाडीबाहेर ठेवूनही ती ०.२-०.३ व्होल्टने घसरली, तर दोष तिच्या पोटात आहे आणि गाडी निर्दोष आहे. हा निकाल फार मोलाचा आहे, कारण इथे संशय दोन भागांत वाटला जातो.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना

आता बॅटरी गाडीत बसवा, मीटर टर्मिनलवर लावा आणि सेल्फ मारताना आकडा कुठपर्यंत पडतो ते बघा. हात कमी पडतील. घरातल्या कोणाला तरी बटण दाबायला बोलवा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि मधल्या स्टँडवर हवी.

इंजिन फिरत असताना आकडा १० च्या वर राहिला तर उत्तम. ९.५ च्या खाली गेला, आणि बॅटरी आराम करताना १२.६ च्या वर होती, तर तिची क्षमता संपली आहे. याला लोक ‘व्होल्ट दाखवते पण अँपिअर देत नाही’ म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. आत प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसलेले असतात, त्यामुळे थोडा करंट मागितला तर मिळतो, जास्त मागितला तर व्होल्टेज कोसळतं. बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की हेच होतं.

आकडा ११ च्या वर आहे तरी सेल्फ सुस्त फिरतो? मग बॅटरीला दोष देऊ नका, वायरींकडे वळा. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरा इंजिनच्या स्वच्छ धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. मग एक प्रोब प्लसवर आणि दुसरा सेल्फ मोटरच्या बोल्टवर ठेवून तेच करा; तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळत असेल तर रिले किंवा जाड वायर बदलायची वेळ झाली.

तिसरा आकडा: गाडी चार्ज करते का

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि तिला पाच मिनिटंही लागत नाहीत. तरीही नवी बॅटरी बसवताना ती सहसा कोणी करत नाही.

गाडी सुरू करा, मीटर बॅटरीवर लावा. आयडलवर आकडा १३ च्या आसपास असू शकतो. आता रेस वाढवून इंजिन ४००० ते ५००० आरपीएमवर धरा. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान स्थिर व्हायला हवा. मग हेडलाइट अपर करा, ब्रेक दाबा आणि पुन्हा बघा. थोडा उतरेल, पण १३ च्या खाली जाता कामा नये.

रेस वाढवूनही आकडा १२.५ च्या आसपासच राहिला किंवा हळूहळू खाली यायला लागला, तर गाडी बॅटरीला काही देत नाही, फक्त घेतेय. उलट १५ च्या वर जात असेल तर रेक्टिफायर-रेग्युलेटर (मॅग्नेटच्या एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला आहे आणि बॅटरी उकळतेय. अशा गाडीत पाणी भराभर कमी होतं, सीलबंद बॅटरीच्या भिंती फुगतात, बल्ब वरचेवर उडतात. फुगलेली बॅटरी चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, ती काढून टाका.

इथे एक कळकळीची विनंती. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ असं कोणी करत असेल तर त्याचा हात धरा. ही युक्ती खूप जुन्या गाड्यांच्या काळातली आहे. बॅटरी निघाली की सिस्टिममधलं व्होल्टेज क्षणात वर उडतं आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), मीटर किंवा रेग्युलेटर जळू शकतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यातला ईसीयू बॅटरीच्या कितीतरी पट महाग पडतो.

चार्जिंग कमी असेल तर पुढे काय

आधी कपलर बघा. इंजिनातून मॅग्नेट कॉइलच्या वायरी बाहेर येतात, बऱ्याच गाड्यांत तीन सारख्या पिवळ्या. त्या रेक्टिफायरला जाताना प्लॅस्टिकच्या कपलरमधून जातात. तो काढून बघा. प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, वितळलं असेल किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर चोर सापडला. पावसात पाणी शिरतं, पिना गंजतात, सांधा गरम होतो, गरम झाला की आणखी सैल होतो. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल आणि त्यानंतर काही आठवड्यांनी बॅटरीची तक्रार सुरू झाली असेल, तर पहिली नजर इथेच टाका.

कपलर ठीक असेल तर तो सुटाच ठेवा आणि कॉइलच्या बाजूच्या वायरी मोजा. इंजिन बंद असताना मीटर ओहमवर लावा. तीन पिवळ्या वायरी असतील तर पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तिन्ही जोड्यांत साधारण एक ओहमच्या आतला आणि एकमेकांशी मिळताजुळता आकडा यायला हवा. मग प्रत्येक वायर आणि इंजिनचा धातू यांत मोजा. तिथे मीटरने जोडणी दाखवता कामा नये. दाखवलं तर कॉइल अर्थ झाली आहे.

त्यानंतर कपलर सुटाच ठेवून गाडी सुरू करा, मीटर एसी २०० व्होल्टवर लावा आणि ५००० आरपीएमच्या आसपास तिन्ही जोड्या मोजा. बहुतेक थ्री-फेज (तीन वायरींच्या) गाड्यांत ५० व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी मिळतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, पण तिन्ही आकडे सारखे हवेत हे पक्कं. दोन सारखे आणि एक पडलेला असेल तर कॉइल जळली आहे. तिन्ही सारखे आणि भरपूर असतील, तरीही बॅटरीवर १३.५ येत नसेल, तर दोष रेक्टिफायरचा किंवा तिथून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीचा. हे मोजताना उघड्या पिनांना हात लावू नका, पन्नास व्होल्ट ओल्या हाताला झटका देतात. दोनच वायरींची, सिंगल-फेज कॉइल असलेल्या लहान गाड्यांत आकडे वेगळे असतात. तिथे गाडीच्याच मॅन्युअलवर विसंबा.

रेक्टिफायर बदलायचा ठरला तर तो हवा लागेल अशा मूळ जागीच बसवा. त्याला पंख्यासारख्या पट्ट्या असतात त्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी. सीटखाली कोंबलेला रेक्टिफायर परत जळतो.

उभ्या गाडीतून करंट कोण खातंय

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ बंद. मग लीकेज शोधायचं. इथे मल्टिमीटर अँपिअरवर लावायचा आहे, आणि सांभाळून.

लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला. चावी बंद करून काढून घ्या. बॅटरीची मायनस वायर सैल करा आणि मीटर वायर व मायनस टर्मिनल यांच्या मध्ये जोडा, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल. आता काहीही झालं तरी चावी ऑन करायची नाही आणि सेल्फचं बटण दाबायचं नाही. तो करंट मीटर सहन करणार नाही. जोडताना क्षणभर आकडा वर जाईल, मग काही मिनिटं थांबा, ईसीयू झोपायला थोडा वेळ घेतो. आकडा अगदी लहान दिसला तर प्रोब मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये हलवा आणि नेमकं मोजा. मोजून झालं की लाल प्रोब आठवणीने व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. तो अँपिअरमध्ये राहिला आणि पुढच्या वेळी सवयीने दोन्ही टर्मिनलवर टेकवला, तर थेट शॉर्ट होतो.

डिजिटल मीटर आणि घड्याळ असलेली गाडी एक ते पाच मिलिअँपिअर घेईल, ते चालतं. जुन्या, साध्या गाडीत जवळपास शून्य हवं. आता हिशोब करा. ४ एएच बॅटरीतून १ मिलिअँपिअर जात असेल तर ती रिकामी व्हायला पाच महिन्यांहून जास्त लागतील. २५ मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला ०.६ एएच, म्हणजे आठवड्याच्या आत बॅटरी खलास. आणि सेल्फ बंद पडायला ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही, अर्धी झाली तरी पुरतं. म्हणजे तीन-चार दिवस. शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी मंगळवारी का उठत नाही, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

आकडा जास्त आला तर आधी बाहेरून बसवलेल्या गोष्टी एकेक करून काढा: जीपीएस ट्रॅकर, चोरीचा अलार्म, मोबाइल चार्जर, फॉग लाइट, मोठा हॉर्न. डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांच्या गाड्यांत मोबाइल चार्जर थेट बॅटरीवर जोडलेला फार दिसतो. मोबाइल लावला नसला तरी त्यातलं सर्किट चालूच राहतं, त्याचा निळा दिवा रात्रभर जळत असतो. उपाय सोपा आहे: त्याचा प्लस चावी ऑन केल्यावरच करंट येणाऱ्या वायरीवर, योग्य फ्यूज घालून घ्या. ट्रॅकर मात्र चावी बंद असतानाही चालू हवाच असतो. मग त्याचा वापर मोजून तुमची गाडी किती दिवस उभी राहू शकेल हे समजून घ्या.

हे सगळं काढूनही करंट जातोच आहे? फ्यूज एकेक काढत मीटरकडे बघा. ज्या फ्यूजला आकडा पडला, दोष त्या लाइनवर. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर रेक्टिफायरचा कपलर काढा. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की बॅटरीचा करंट उलटा कॉइलकडे जातो. आणि आकडा फक्त पावसाळी दिवसांत वाढत असेल तर चावीच्या स्विचमध्ये आणि हँडलवरच्या बटणांत ओल शिरली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, कोरडं करून पुन्हा मोजा.

काहीच बिघाड सापडला नाही तर वापर तपासा

मुंबईत अशी गाडी असते जिच्यात सगळं ठीक आहे आणि तरी बॅटरी दर महिन्याला थकते. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींची हेडलाइट इंजिन सुरू असताना कायम चालू राहते. त्यात ब्रेक लाइट, इंडिकेटर, मोबाइल चार्जिंग, वर वीस-वीस वॅटचे दोन फॉग लाइट. ४० वॅट म्हणजे बारा व्होल्टवर सव्वातीन अँपिअर. लहान गाडीचं मॅग्नेट आयडलवर एवढं देऊ शकत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. एलबीएस रोडवर किंवा साकीनाक्याला अर्धा तास रांगत गेलात आणि त्या वेळात एक अँपिअरची तूट राहिली, तर ४ एएच बॅटरीतला अर्धा एएच तिथेच संपला.

घर ते स्टेशन एवढीच फेरी असेल तर आणखी वाईट. सेल्फला खर्च झालेला करंट भरून यायच्या आत गाडी पुन्हा स्टँडवर. अशांनी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी, सकाळी पहिल्यांदा शक्य असेल तर किक मारावी, आणि फॉग लाइट गरजेपुरतेच लावावेत. खालच्या मजल्यावर प्लग पॉइंट मिळत असेल तर महिन्यातून एक रात्र छोटा ऑटोमॅटिक चार्जर लावणं सगळ्यात उत्तम. सोसायटीत उभ्या गाडीला रोज दोन मिनिटं नुसतं सुरू करून बंद करणं मात्र थांबवा, त्याने भरण्यापेक्षा उतरणंच जास्त होतं.

बाहेरच्या माहितीत थंडीने बॅटरी मरते असं वाचायला मिळतं. इथे उकाडा मारतो. तापमान वाढलं की बॅटरीचा आपोआप होणारा उतार आणि आतली झीज दोन्ही वाढतात. मे महिन्यात उन्हात तापत उभ्या राहणाऱ्या गाडीला निदान सावली शोधून द्या.

नवी घ्यायचीच ठरली तर

बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना दुकानातच बघा. कपाटात पडून राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. दुकानदारासमोर मीटर लावा; भरून ठेवलेली बॅटरी १२.६ च्या खाली असेल तर दुसरी मागा. काही बॅटऱ्या कोरड्या येतात आणि विकताना त्यांत ॲसिड भरतात. ती भरल्यावर काही वेळ शांत ठेवून, मग कमी करंटवर पूर्ण चार्ज करूनच गाडीत बसवायची असते. घाईत तशीच बसवली तर ती पहिल्या दिवसापासून अधुरी राहते. क्षमता मॅन्युअलप्रमाणेच घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या. जुनी बॅटरी दुकानातच परत करा. किंमत थोडी कमी होते आणि शिसं-ॲसिड कचऱ्यात जात नाही.

बसवल्यावर त्याच दिवशी तिन्ही आकडे पुन्हा मोजा: आरामात किती, सेल्फ मारताना किती, ५००० आरपीएमला किती. कागदाच्या पट्टीवर तारखेसह लिहून सीटखाली चिकटवा. सहा महिन्यांनी सेल्फ जड वाटला तर तुलनेला काहीतरी हाताशी असेल, आणि वॉरंटीत वाद झाला तर गाडीचं चार्जिंग ठीक होतं हे दाखवता येईल.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल, तर निघायच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मायनसची वायर काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. परत आल्यावर वायर घट्ट बसवा, मीटरमधलं घड्याळ लावा, आणि फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर चावी ऑन केल्यावर पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा.